गाठीचा ताप : मुंबईपासून मामल्यापर्यंत



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला प्लेगवर बोलण्यास सांगितले, तेव्हा दोघातिघा स्नेह्यांनी विचारले, की हा विषय डॉक्टरांचा, कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला त्यात काय कळणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. शाळेचे शिक्षण थोडे झाले, बाकीचे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून झाले. परंतु प्लेगचा इतिहास वाचू लागलो, की पानोपानी मला माझीच माणसे भेटतात. गोदीतील हमाल, गिरणीतील साचेवाला, चाळीच्या एका खोलीत झोपणारी आठदहा माणसे, यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा पोरगा, आणि फडात जमिनीवर अंथरूण टाकणारे ऊसतोडीचे जोडपे. प्लेगने मारले ते मुख्यतः यांना. औषधाचे बोलायचे ते डॉक्टरांनी बोलावे. इतिहासाचे आणि खबरदारीचे दोन शब्द बोलण्याचा अधिकार मात्र मी घेतो.

पहिली गोष्ट ही, की प्लेग हा मुळात माणसाचा रोग नव्हे. तो रानातील उंदरांचा रोग आहे. आपल्या शेताच्या बांधावर, माळावर आणि डोंगराच्या उतारावर बिळे करून राहणाऱ्या उंदरांच्या काही जाती अशा आहेत, की हा रोग त्यांच्यात वर्षानुवर्षे मुरून राहतो. त्यांतील बरेच उंदीर आजारी पडूनही मरत नाहीत. एका बिळातून दुसऱ्या बिळात रोग फिरत राहतो आणि गावाला त्याची वार्ताही नसते. घरात राहणाऱ्या उंदरांचे तसे नाही. त्यांना हा रोग सोसत नाही आणि ते पटापट मरतात. रानातला उंदीर आणि घरातला उंदीर एका खळ्यावर, एका कडब्याच्या गंजीखाली किंवा एका पडक्या घरात एकत्र आले, की रानातील पिसू घरच्या उंदरावर चढते. घरचा उंदीर मरून थंड पडला, की पिसवा त्याचे अंग सोडतात आणि मिळेल त्या ऊबदार अंगाचा आश्रय घेतात. ते अंग माणसाचे असते.

या जंतूने पिसूच्या पोटाकडे जाणारी वाटच बुजते. तिने रक्त प्यावे तर ते पोटात उतरत नाही, म्हणून भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्याबरोबर तुंबलेले रक्त जंतूंसह माणसाच्या अंगात ओकते. चावा बहुधा पायाला होतो, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. कधी ती काखेत वा मानेतही येते. आपल्या वाडवडिलांनी याला ‘गाठीचा ताप’ म्हटले ते याच कारणाने. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पण घरात उंदीर पडू लागले, की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे अनुभवाने ठाऊक झाले होते. प्रयोगशाळेने पिसूचा अपराध सिद्ध करण्याच्या आधीच खेड्यातील माणसे ‘उंदीर पडला’ या दोन शब्दांवर घर सोडीत होती. अडाणी म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांचे निरीक्षण किती पक्के होते हे यावरून दिसते.

आता इतिहासाकडे वळू. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ चालू असताना अलेक्झांडर यर्सिन या संशोधकाने रोगाचा जंतू शोधून काढला. त्याच्याच नावावरून आज त्या जंतूला यर्सिनिया पेस्टिस म्हणतात. तेथून जहाजांच्या मार्गाने रोग मुंबईस आला. मुंबईच्या मांडवी भागात गोदीला लागून धान्याची मोठमोठी गोदामे होती. धान्य तेथे उंदीर, आणि गोदामांवर व भोवती दाटीने राहणारी माणसे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मांडवीतील रोग्यांना तपासून हा प्लेग आहे असे निदान केले. प्रथम पुष्कळांनी ते मानले नाही, कारण प्लेग म्हटला की बंदर बंद होणार आणि व्यापार बुडणार. रोगाचे नाव घेण्यास व्यापाराची आडकाठी येते, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

निदान खरे ठरले आणि मग सरकारने एकदम दुसरे टोक गाठले. ऑक्टोबर १८९६ मध्ये म्युनिसिपल कमिशनरने हुकूम काढला, की रोग्याला सक्तीने घरातून उचलून इस्पितळात नेता येईल. लोकांमध्ये हाहाकार उडाला. त्या काळी इस्पितळातून माणूस परत येतो असा गरिबांचा अनुभवच नव्हता. जातीबाहेरच्या हातचे पाणी, बायकांची परपुरुषाकडून तपासणी, मेल्यावर प्रेताची विटंबना, अशा शंकांनी मने भरून गेली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. लगोलग हुकूम सौम्य करावा लागला. त्या कामगारांना आज मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण ज्या सरकारने त्यांच्या चाळीत कधी नळ दिला नाही, ते एके दिवशी दार फोडून रोग्याला उचलू लागले, तर त्यांनी त्यावर विश्वास कोणत्या आधाराने ठेवावा?

मग मुंबई रिकामी होऊ लागली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली होती. माणसे आगगाडीने, गलबताने आणि पायी कोकणात, घाटावर, मिळेल त्या वाटेने निघाली. गिरण्यांचे साचे थांबले. जे कामगार मागे राहिले त्यांच्यासाठी मालकांत चढाओढ लागली. नाक्यानाक्यावर जादा भाव बोलून, रोजची मजुरी रोज हातावर ठेवून माणसे मिळवावी लागली. एरवी महिनामहिना पगार अडकवून ठेवणारे मालक रोजचा रोज पैसा देऊ शकतात, हे प्लेगने दाखवून दिले. ही हकिगत वाचताना मला हसू येते आणि वाईटही वाटते.

येथे दोन नावे आदराने घेतली पाहिजेत. पहिले नाव रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. आज रविवारी आपण सुखाने अंथरुणात लोळतो, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे. कामगारांचे हे पुढारी ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. दुसरे नाव सावित्रीबाई फुले यांचे. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. वयाची पासष्टी उलटलेल्या सावित्रीबाई तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या एका रोगी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एका महिन्यात महाराष्ट्राने ही दोन माणसे गमावली. दोघांनाही गाव सोडून जाणे अशक्य नव्हते. ते गेले नाहीत.

पुण्याची हकिगत आपणांस शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड यांच्या हाती कारभार आला आणि घरांची झडती घेण्यासाठी गोरे सोजीर रस्त्यावर उतरले. देवघरात बुटांनी शिरणे, सामानसुमान रस्त्यावर फेकून जाळणे, बायकांना उघड्यावर तपासणे, अशा तक्रारींनी गाव पेटले. पंडिता रमाबाईंनीही स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध जाहीरपणे लिहिले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि चापेकर फासावर गेले. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मुसलमान विणकरांच्या वस्तीत घरझडतीवरून दंगल झाली, गोळीबार झाला. एवढे सगळे होऊनही प्लेग काही थांबला नाही. सोजीर घरात माणसे शोधीत होते आणि पिसवा छपरात, भिंतीत, धान्याच्या पोत्यांत होत्या.

त्याच काळात शास्त्राचे काम मात्र शांतपणे चालू होते. वाल्डेमार हाफकिन हे मूळचे रशियातील ज्यू शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एका लहानशा खोलीत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि हाफकिन यांच्यावर ठपका आला. निर्दोष ठरण्यास त्यांना १९०७ साल उजाडावे लागले. परळची ती प्रयोगशाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दुसरीकडे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून सांगितले, की रोग पिसू नेते. विद्वानांनी त्याची टिंगल केली. १९०५ नंतर प्लेग कमिशनने मुंबईत पुन्हा पद्धतशीर प्रयोग केले, ते ऐकण्यासारखे आहेत. ज्या घरांत प्लेग झाला होता त्या घरांत गिनीपिग नावाचे लहान प्राणी ठेवले. जमिनीवर मोकळे सोडलेले मेले. बारीक जाळीने झाकलेले जगले. पिसूच्या उडीच्या वर पोचेल इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी जगले, आणि जमिनीलगत ठेवलेले मेले. हवा सर्वांना एकच होती, फरक फक्त पिसू पोचते की नाही एवढाच होता. उंदरावरच्या पिसूची उंच उडी वीतभराच्या आतली. म्हणजे जमिनीवर झोपणारा आणि खाटेवर झोपणारा यांच्या मरणात अंतर होते, आणि खाट कोणाकडे असते हे मी या सभेला सांगण्याची जरुरी नाही.

रोगाचा खरा कहर पुढेच झाला. एकट्या १९०७ साली हिंदुस्थानात प्लेगने १३ लाखांहून अधिक माणसे दगावली, त्यांतील मोठा भाग पंजाबातला. साथ सुरू झाल्यापासूनच्या अर्धशतकात हा आकडा एक कोटीच्या वर गेला. निजामाचे राज्यही यातून सुटले नाही, आणि आपला मुलूख त्या राज्यात होता. पुढे रोग हळूहळू ओसरला. स्वातंत्र्यानंतर स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आली. मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारली गेली, तिने डासांबरोबर पिसवाही मेल्या. १९६६ साली कर्नाटकात माणसांतील शेवटचे रुग्ण नोंदले गेले आणि मग अठ्ठावीस वर्षे देशात प्लेगचे नाव निघाले नाही. नवे डॉक्टर तो पुस्तकात वाचून परीक्षा देत, रोगी कोणी पाहिलेला नसे. रानातील उंदरांवर ठेवायची पाळत सैल पडली. रोग गेला असे सर्वांनी धरले. तो माणसांतून गेला होता, रानातून गेला नव्हता.

आता आपल्या दाराशी येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्या वेळी उमरगा तालुक्यात होते. या सभेत अशी माणसे बसली असतील ज्यांनी त्या पहाटे आपले घर दगडमातीच्या ढिगाखाली पाहिले. माळवदाची जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. सरकारी मोजणीप्रमाणेच जवळजवळ आठ हजार माणसे गेली. जी वाचली ती पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली. जुन्या घरांत, कणग्यांत आणि बळदांत धान्य तसेच गाडले गेले. ज्या दूरच्या गावांत घरे पडली नाहीत, तेथेही भीतीपोटी माणसे बाहेर झोपू लागली.

माणसाने सोडलेल्या आणि धान्याने भरलेल्या घराचा वारस उंदीर असतो. पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा डोंगरी गावात लोकांना पिसवांचा त्रास असह्य झाला. घरात उंदीर मरून पडू लागले. महिनाअखेरीस ताप आणि जांघेत गाठ असलेले रोगी दिसले. अठ्ठावीस वर्षांनंतर प्लेगची वार्ता पुन्हा उठली ती आपल्या मराठवाड्यातून. भूकंपाने रानातील उंदरांची बिळे विस्कटली, सोडलेल्या घरांतील धान्यावर घरचे उंदीर वाढले आणि दोघांची गाठ पडली, असा कयास तज्ज्ञांनी बांधला. कयास तो कयासच, त्याला पुरावा म्हणू नये. पण एक गोष्ट निश्चित, की मामल्याच्या लोकांनी पिसवांची तक्रार रोगाच्या आधी केली होती. पहिली सूचना दिली ती पिसवांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याने, प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर आला. अशा तक्रारीकडे ‘पिसवाच तर आहेत’ म्हणून पाहण्याची सवय आरोग्य खात्याने आणि ग्रामपंचायतीने टाकली पाहिजे.

मामल्याहून शेकडो मैल दूर सुरतेत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माणसे छातीच्या रोगाने मरू लागली. तेथे तापीला पूर येऊन गेला होता, खालच्या वस्त्यांत चिखल आणि मेलेली जनावरे कुजत होती. हा फुप्फुसाचा प्लेग. गाठीचा प्लेग पिसूशिवाय सहसा पसरत नाही, पण जंतू फुप्फुसात शिरला, की रोग्याच्या खोकल्याच्या तुषारांतून जवळच्या माणसाला लागण होते. हा प्रकार सर्वांत घातक. गाठीच्या प्लेगात औषध न मिळाल्यास निम्म्याच्या आसपास रोगी दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगात पहिल्या दिवसाभरात औषध सुरू झाले नाही तर वाचणे दुर्मीळ.

सुरतेत यंत्रमाग आणि हिऱ्यांचे कारखाने. कामगार खानदेशातले, ओरिसातले, उत्तर प्रदेशातले, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. बातमी फुटताच चार दिवसांत लाखो माणसे आगगाडीने आणि मोटारींनी पळाली. खाजगी दवाखान्यांची दारे बंद झाली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. परदेशांनी विमाने थांबवली, माल घेणे थांबवले. देशात हजारो संशयित नोंदले गेले. मृत्यू मात्र पन्नासहून थोडे अधिक, बहुतेक सुरतेतले. सुरतेत खरोखर प्लेगच होता काय, यावर तेव्हा मोठा वाद झाला. प्रा. रामलिंगस्वामी यांच्या समितीने तपास करून तो प्लेगच होता असा निर्वाळा दिला.

या दोन साथींत ९७ वर्षांचे अंतर आहे. पण १८९७ चा गिरणी कामगार आणि १९९४ चा यंत्रमाग कामगार यांच्या वागण्यात मला काही फरक दिसत नाही. दोघेही पळाले. का पळाले? भित्रे होते म्हणून नव्हे. साचा बंद तर पगार बंद, पगार बंद तर खाणावळ बंद, आजारी पडलो तर पाणी देणारे कोणी नाही, मेलो तर घरी कळणारही नाही, हा सरळ हिशेब होता. २०२० साली करोनात तोच १८९७ चा कायदा पुन्हा काढला गेला आणि तोच हिशेब करीत माणसे हमरस्त्यांनी पायी निघाली. साथीत लोकांनी जागा सोडू नये असे वाटत असेल, तर त्यांना जागेवर राहणे परवडले पाहिजे. बंद काळाचा पगार, जागेवर अन्न आणि विश्वास बसेल असा दवाखाना, एवढ्या तीन गोष्टी दिल्या तर पोलिसांची निम्मी गरज उरत नाही. हे मी संघटनेचा माणूस म्हणून मागणीच्या सुरात बोलत नाही. साथ आटोक्यात ठेवण्याचा हा स्वस्त उपाय आहे असे इतिहास सांगतो.

सुरतेने पुढे एक चांगली गोष्ट करून दाखवली. १९९५ साली एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले. रोज सकाळी अधिकारी कचेरीत न बसता गल्लीत उभे राहिले पाहिजेत असा त्यांनी नियम घातला, कचरा रोजच्या रोज उचलला, झोपडपट्टीत फरश्या व नळ नेले, आणि बड्या लोकांची बेकायदा बांधकामेही पाडली. दीडदोन वर्षांत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली गेली. कामगार तेच, शहर तेच, कारभार बदलला.

कोणी म्हणेल, की हे सारे जुने झाले, आता प्लेग कोठे आहे? २००२ साली हिमाचल प्रदेशात सिमला जिल्ह्यातील हाटकोटी भागात फुप्फुसाच्या प्लेगने १६ रुग्णांपैकी ४ दगावले. त्याची सुरुवात रानात शिकारीस गेलेल्या आणि जनावर सोललेल्या एका माणसापासून झाली. २००४ साली उत्तरकाशी जिल्ह्यात डांगुड गावी ८ रुग्ण होऊन ३ गेले. २०१७ साली मादागास्कर बेटावर दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. अमेरिकेच्या पश्चिम भागात रानखारींपासून दरवर्षी थोडे रुग्ण होतात, आणि वेळेवर औषध मिळाल्याने बहुतेक वाचतात. जंतू रानात आहे. उगाच घाबरण्याचे कारण नाही, पण विसरण्याचेही नाही.

आता काय करावे ते क्रमाने सांगतो.

घरात किंवा शेतात कारण न कळता उंदीर मरून पडू लागले, तर ती सर्वांत महत्त्वाची खूण समजावी. विष घातलेले नसताना दोनचार उंदीर पाठोपाठ मेलेले दिसले, की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे. आशाताईला सांगितले तरी चालेल. मेलेला उंदीर हातात धरू नये, शेपटीला धरून उकिरड्यावर फेकू नये, पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नये, कुत्र्यामांजरांना चघळू देऊ नये. तपासणीसाठी माणसे येणार असतील तर लांबूनच राखण करावी. तसे नसेल तर लांब दांड्याच्या फावड्याने उचलून, पिसवा मारणारी भुकटी टाकून खोल पुरावा.

यात एक चूक फार होते. उंदीर पडू लागले की माणसे घाईने विष घालतात. उंदीर आणखी मरतात, आणि त्यांच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा घरच्यांच्या अंगावर येतात. म्हणून रोगाची शंका असताना आधी पिसवा माराव्यात आणि मग उंदीर. बिळांच्या तोंडाशी, भिंतीच्या कडेने, उंदरांच्या वाटेवर आरोग्य खात्याकडून कीटकनाशक भुकटी टाकून घ्यावी. उंदरांचा बंदोबस्त त्यानंतर करावा.

एरवीच्या दिवसांत मात्र उंदीर कमी ठेवणे हाच खरा उपाय. कणगी किंवा पोती जमिनीवर न ठेवता फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. शक्य तेथे पत्र्याची कोठी करावी. कडब्याची गंज घराला चिकटून रचू नये. सोयाबीन, तूर आणि ज्वारीच्या सुगीनंतर खळ्यावर सांडलेले धान्य झाडून घ्यावे. पडके घर असेल तर त्यातले धान्य व लाकूडफाटा काढून टाकावा. बांधावरची धामण दिसताच काठी उगारू नये, आणि घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलू नये. ही दोघे एका रात्रीत जे काम करतात ते आपले सापळे आठवड्यात करीत नाहीत.

रानात झोपणाऱ्यांनी बिळांजवळ अंथरूण टाकू नये. जमेल तर बाजेवर झोपावे, नाही तर ताडपत्री घालून वर जाड अंथरूण घ्यावे. रानउंदीर किंवा ससा पकडून सोलण्याची सवय काही ठिकाणी आहे. आजारी दिसणाऱ्या किंवा मेलेल्या जनावराला हातही लावू नये. घरच्या कुत्र्यामांजरांच्या पिसवा वेळच्या वेळी काढाव्यात.

आता माणसाच्या आजाराचे. पिसू चावल्यापासून बहुधा आठवड्याच्या आत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो, डोके ठणकते, अंग गळून जाते आणि जांघेत, काखेत किंवा मानेत हात लावू देणार नाही अशी दुखरी गाठ येते. अशा रोग्याने त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि आपल्याकडे उंदीर मेले होते किंवा आपण रानात झोपलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते सांगितले नाही तर डॉक्टर साध्या तापाचे औषध देतील आणि मोलाचा दिवस जाईल. तापाबरोबर खोकला, धाप आणि रक्ताची थुंकी असेल, तर रोग्याला वेगळे ठेवावे, तोंडाला फडके किंवा मास्क लावावा, शुश्रूषा करणारानेही लावावा, आणि जवळ राहिलेल्या सर्वांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही जुनी औषधे आजही लागू पडतात. ज्या रोगापुढे सावित्रीबाईंच्या काळी सेवेखेरीज काही हातात नव्हते, तो रोग आज वेळेवर आलेल्या माणसाला बहुधा मारीत नाही. पण औषध घरी साठवू नये आणि मनाने खाऊ नये. १९९४ साली भ्यालेल्यांनी गोळ्या कपाटात भरल्या आणि आजाऱ्यांना त्या मिळेनात.

शेवटी आपल्या भागाच्या माणसांविषयी बोलतो. हे चैत्रवैशाखाचे दिवस आहेत. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर गेलेले ऊसतोडीचे मजूर आता गावी परतले आहेत. सहा महिने ही माणसे फडाच्या कडेला कोपी घालून राहतात. उसाचा फड म्हणजे उंदरांचे माहेर. पाचटावर अंथरूण, उशाशी धान्याची पिशवी आणि पायाशी बीळ. फडात कामगार प्लेगने मेला असे मी म्हणत नाही. पण उंदरांपासून लेप्टोस्पायरोसिससारखे इतरही रोग होतात, साप तर उंदरांच्या मागेच येतो, आणि या सगळ्यांवर उपाय एकच आहे. कोपीला जमिनीपासून उंच झोपण्याची जागा, धान्याला पत्र्याचा डबा, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि पंधरवड्याला एकदा फेरी मारणारी परिचारिका. कारखान्याच्या गाळपाच्या हिशेबात हा खर्च दिसणारही नाही. आमची संघटना ही मागणी करीत आली आहे. पण मजूर या गावचे आहेत, आणि गावातील व्यापारी, शिक्षक, वकील, डॉक्टर यांनीही पाठीशी उभे राहिले, तर मुकादमाला आणि कारखान्याला ती टाळणे अवघड जाईल.

फडातील रोग फडात राहत नाही, तो बैलगाडीतून आणि ट्रॅक्टरमधून आपल्याच पेठेत येतो, हे मामला आणि सुरत या दोन नावांनी आपल्याला शिकवले आहे. येत्या पावसाळ्याआधी ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत, अशी माझी आपणांस विनंती आहे. एक, गावातील पडक्या घरांची साफसफाई. दुसरा, मेलेल्या उंदरांची आणि पिसवांची खबर ज्याच्याकडे द्यायची त्या माणसाचे नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिणे. दोन्हींना पैसा थोडा लागतो.